अस्थिभंगानंतरचा औषधोपचार : निवड आणि सातत्य (भिवंडी शहराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : अस्थिसुषिरता, अस्थिभंग, उपचारसातत्य, यंत्रमाग कामगार, समाजआरोग्य

प्रस्तावना

मोरीत पाय घसरला, मनगट मोडले, प्लास्टर घातले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले आणि प्रकरण मिटले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती रुग्णाची असते, नातेवाइकांची असते आणि पुष्कळदा उपचार करणाऱ्यांचीही असते. वस्तुतः पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीचे हाड उभ्या उंचीवरून साधे पडल्याने मोडले, तर त्या घटनेला दुहेरी अर्थ असतो. एक हाड मोडले हे तर उघडच असते. परंतु शरीरातील सर्वच हाडे आतून विरळ झाली असावीत, ही सूचनाही त्याच क्षणी मिळालेली असते. हाडांच्या या विरळपणालाच अस्थिसुषिरता म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस असे म्हणतात. असा एक अस्थिभंग झालेल्या व्यक्तीला पुढचा अस्थिभंग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो आणि पहिल्या दोन वर्षांत तो विशेष तीव्र असतो. मनगटानंतर मणका आणि मणक्यानंतर खुबा, असा हा क्रम पुष्कळ रुग्णांत दिसतो.

हा क्रम तोडणारी औषधे आज उपलब्ध आहेत. तरीही अस्थिभंग झालेल्या बहुसंख्य रुग्णांना ती सुरूच होत नाहीत आणि ज्यांना सुरू होतात त्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण वर्षाच्या आत ती सोडतात. ही स्थिती केवळ आपल्याकडे नाही, संपन्न देशांतही आहे. योग्य औषधाची निवड आणि त्या औषधाचे सातत्य हे दोन स्वतंत्र प्रश्न मानण्याची प्रथा आहे. निवड वैद्याने करावी आणि सातत्य रुग्णाने राखावे, अशी ही वाटणी होय. ही वाटणीच चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जे औषध रुग्णाच्या दिनक्रमात बसत नाही त्याची निवडच सदोष असते. मग ते सुटल्याचा दोष रुग्णाच्या निष्काळजीपणावर टाकण्यात अर्थ नाही. भिवंडीसारख्या श्रमिकांच्या शहरात हे विशेष स्पष्टपणे दिसते, म्हणून विवेचनासाठी हे शहर घेतले आहे.

आजाराचे स्वरूप

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुने हाड झिजवणाऱ्या पेशी आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी यांचे काम आयुष्यभर चालू असते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, झीज वाढते आणि भर तिला पुरी पडत नाही. पुरुषांत ही प्रक्रिया सावकाश घडते, पण घडते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणे, तंबाखू, मद्य, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि आहारातील कॅल्शियमची उणीव यांनी ती वेग घेते.

हरियाणातील रोहतक जिल्ह्यात झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला खुब्याचे अस्थिभंग स्त्रियांत 159 आणि पुरुषांत 105 आढळले. यातील पुरुषांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हा ‘बायकांचा आजार’ आहे ही समजूत त्याने खोटी ठरते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात हे अस्थिभंग साधारण दहा वर्षे आधी होतात, असेही अभ्यासक नमूद करतात. म्हणजे कमावत्या वा घर सांभाळणाऱ्या वयातच माणूस अंथरुणाला खिळतो. मणक्याच्या अस्थिभंगाची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच वैद्यकीय नजरेस येतात. बाकीचे ‘वयाने पाठ वाकली’ या एका वाक्यात विरून जातात.

हाड जुळते, उपचार राहतो

2011 च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 7,09,665 होती. शहराचा कणा यंत्रमाग. त्याभोवती सायझिंग, वार्पिंग, कांडी भरणे, गाठी बांधणे अशी कामे चालतात. अलीकडे तालुक्यात गोदामांचा मोठा पसारा उभा राहिला आहे. कामगारांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले लोक आहेत, तेलंगणातील पद्मशाली विणकर कुटुंबे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या येथेच असलेला मोमीन समाज आहे, आणि आसपासच्या गावांत आगरी, कुणबी, कोळी व आदिवासी वस्ती आहे. मजुरी बहुतांशी कामाच्या मापाने मिळते. दवाखान्यात गेलेला अर्धा दिवस म्हणजे बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी, हा हिशेब येथे प्रत्येकाच्या मनात पक्का असतो.

अस्थिभंग झालेला रुग्ण येथे अनेक दारे फिरतो. काही जण आधी हाडवैद्याकडे जातात. कोणी खासगी दवाखान्यात तर कोणी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जातो. अवघड शस्त्रक्रिया असल्यास ठाणे, कळवा किंवा मुंबई गाठावी लागते. शस्त्रक्रिया एका ठिकाणी होते, टाके दुसऱ्या ठिकाणी निघतात, व्यायाम शिकवणारा तिसराच असतो. मोडलेल्या हाडाची जबाबदारी या साखळीत प्रत्येकाने थोडी थोडी घेतलेली असते. उरलेल्या दोनशे हाडांची कोणीच घेतलेली नसते.

आर्थिक रचनाही याच धाटणीची आहे. राज्यात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तिची रचना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती आहे. खुब्यात सळई किंवा कृत्रिम सांधा बसवण्याचा मोठा खर्च अशा योजनेतून भागू शकतो, पण त्यानंतर पाच वर्षे घ्यावयाची आठवड्याची गोळी तिच्या कक्षेत येत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे; मात्र त्यासाठी कोणीतरी ती गोळी लिहून द्यावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाल्याशिवाय औषध सुरू करता येत नाही, असे अनेकांना वाटते. खुब्याचा किंवा मणक्याचा अस्थिभंग साध्या पडण्याने झाला असेल, तर निदानासाठी तेवढा पुरावा पुरेसा मानला जातो. मूत्रपिंडाचे कार्य, रक्तातील कॅल्शियम आणि शक्य तर ड जीवनसत्त्व एवढ्या तपासण्या मात्र हव्यात. दुसरा गैरसमज याहून व्यापक आहे. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी हाच उपचार, अशी बहुतेक रुग्णांची खात्री असते. हा उपचाराचा पाया आहे, उपचार नव्हे.

औषधे आणि त्यांचे स्वभाव

यांतील जुने आणि स्वस्त औषध म्हणजे ॲलेन्ड्रोनेट. 70 मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एकदा. तिच्या अटी कडक आहेत. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी लागते. चहा, दूध वा रस चालत नाही. नंतर किमान अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही. ही अट मोडली तर एक तर औषध शोषले जात नाही किंवा अन्ननलिकेला इजा होते. अन्ननलिकेचा विकार असणाऱ्यांना आणि मूत्रपिंड फार दुबळे असणाऱ्यांना ही गोळी वर्ज्य आहे. महिन्यातून एकदा घ्यावयाच्या याच कुळातील गोळ्याही मिळतात.

झोलेड्रोनिक आम्ल हे त्याच कुळातील, पण वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे औषध. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवे अस्थिभंग 13.9 टक्क्यांवरून 8.6 टक्क्यांवर आले आणि मृत्यू 13.3 टक्क्यांवरून 9.6 टक्क्यांवर. हाडांच्या औषधाने मृत्यूचे प्रमाण घटावे, ही बाब त्या वेळी अनेकांना अनपेक्षित होती. या औषधाचा एक उपद्रव म्हणजे पहिल्या मात्रेनंतर पुष्कळांना दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते. हे आधी सांगितले तर रुग्ण पॅरासिटामॉल घेऊन निभावून नेतो. न सांगितल्यास ‘सुईने आजारी पाडले’ ही वार्ता चाळभर होते आणि पुढच्या वर्षी तो परतत नाही.

डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. परिणाम उत्तम आहे, मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांनाही काळजीपूर्वक देता येते. पण त्याचा एक धोका गंभीर आहे. मात्रा चुकली की दाबून ठेवलेली झीज उसळून वर येते आणि काही रुग्णांत एकामागून एक अनेक मणके मोडतात. ठरल्या तारखेपेक्षा महिनाभराहून अधिक उशीर होता कामा नये, असा संकेत आहे. टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडवणारे औषध रोज टोचावे लागते, फ्रीजमध्ये ठेवावे लागते, दोन वर्षांपर्यंतच देतात आणि त्यानंतर मिळवलेले हाड टिकवण्यासाठी दुसरे औषध घ्यावेच लागते.

कोणाला काय झेपेल

वरील वर्णन औषधशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. उदाहरणादाखल तीन रुग्णांची कल्पना करू.

पहिली, कामगारांसाठी भिस्सी चालवणारी साठीची स्त्री. ती पहाटे उठते, उठल्यापासून उभी असते. साप्ताहिक गोळीची ‘आडवे होऊ नये’ ही अट तिला अट वाटतच नाही. तिची अडचण चहाची आहे. चूल पेटली की पहिला कप तिचाच. तिला एवढेच सांगावे लागते की शुक्रवारी, किंवा तिला सोयीच्या एका ठरावीक वारी, आधी गोळी आणि अर्ध्या तासाने चहा. स्वस्त गोळी तिला उत्तम चालेल.

दुसरा, रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार, वय अठ्ठावन्न. सकाळी घरी येतो, न्याहारी करतो आणि झोपतो. त्याची ‘सकाळ’ दुपारी उगवते. कागदावर ‘सकाळी उपाशीपोटी’ असे लिहून दिले तर तो प्रामाणिकपणे पाळीवरून आल्यावर गोळी घेईल आणि लगेच आडवा होईल. म्हणजे सूचना पाळूनही इजा होईल! ‘झोपून उठल्यावर, तोंडात काही घालण्यापूर्वी’ असे सांगितले की प्रश्न सुटतो.

तिसरी, मुलाकडे राहणारी सत्तरीची आजी, जी वर्षातून तीन-चार महिने मुलुखात, उत्तर प्रदेशातील गावी जाते. कधी परतेल ते लग्नसराई आणि शेती ठरवते. अशा रुग्णाला डेनोसुमॅब देणे म्हणजे तिच्या मणक्यांची सुरक्षितता रेल्वेच्या आरक्षणावर सोपवणे होय. मूत्रपिंड ठीक असेल, तर वर्षातून एकदाचे झोलेड्रोनिक आम्ल तिच्यासाठी अधिक शहाणपणाचे. एखादी मात्रा लांबली तरी त्याचा परिणाम एकदम उलटत नाही.

रमजानचा विचार भिवंडीत स्वतंत्रपणे करावा लागतो. साप्ताहिक गोळी घेणाऱ्याने सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून ती पाण्याबरोबर घ्यावी आणि मग सहरी करावी, हा एक मार्ग आहे. ज्यांना हे जड वाटते त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने मासिक गोळी किंवा वार्षिक इंजेक्शन निवडावे. हा विषय रुग्ण स्वतः क्वचितच काढतो. महिनाभर गोळी बंद ठेवतो आणि ईदनंतर ती पुन्हा सुरू होतेच असे नाही. म्हणून विचारण्याची जबाबदारी आरोग्यसेवकाची. एखादा आठवडा चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घ्यावी व पुढे ठरलेल्या वारीच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत, हेही सांगितले पाहिजे.

आकडे कसे सांगावेत

निवड रुग्णाने करावी असे म्हणताना त्याला माहिती कोणत्या भाषेत द्यायची, हा प्रश्न उभा राहतो. ‘धोका निम्म्याने घटतो’ हे वाक्य खरे असूनही दिशाभूल करू शकते. कशाच्या निम्म्याने, हे त्यात येत नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲलेन्ड्रोनेटच्या अभ्यासात आधीच मणका मोडलेल्या स्त्रियांची तीन वर्षे पाहणी झाली. औषधाविना 100 पैकी 15 जणींचा नवा मणका मोडला, औषध घेणाऱ्या 100 पैकी 8 जणींचा. म्हणजे शंभरातील 85 जणींचा मणका तसाही मोडणार नव्हता, 7 जणींचा वाचला आणि 8 जणींचा औषध घेऊनही मोडला. एवढे स्पष्ट सांगितले तर औषध चालू असताना हाड मोडले म्हणून ‘औषध खोटे’ असा निष्कर्ष रुग्ण काढणार नाही.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने शंभर चेहऱ्यांचे चित्र वापरून असे आकडे दाखवण्याचे साधन तयार केले आणि 2011 मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध केली. अशा साधनांनी रुग्णाची समज निश्चित वाढते. केवळ त्यांच्यामुळे औषध दीर्घकाळ चालू राहते, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. भिवंडीत चेहऱ्यांऐवजी ताण्याचे शंभर धागे काढावेत. सूत कच्चे असेल तर एका जागी गाठ मारून भागत नाही, धागा दुसरीकडे तुटतो, हे येथील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. प्लास्टर ही गाठ. औषध हे सुताच्या मजबुतीसाठी. चित्राखालील मजकूर मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चारही भाषांत हवा.

दुष्परिणाम लपवू नयेत. जबड्याच्या हाडाचा क्षय अस्थिसुषिरतेच्या मात्रेत अत्यंत विरळ आहे, तरी दात काढायचा असेल तर शक्यतो आधी काढून घ्यावा. मांडीच्या हाडाचा विशिष्ट प्रकारचा अस्थिभंग दीर्घकालीन वापरात क्वचित होतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे दोन लाख स्त्रियांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हिशेब असा : दहा हजार आशियाई वंशाच्या स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतले तर खुब्याचे 91 अस्थिभंग टळतात आणि हे विशिष्ट अस्थिभंग 8 होतात. गौरवर्णीय स्त्रियांत हे आकडे 149 आणि 2 असे होते. लाभाचे पारडे दोन्हीकडे जड आहे, पण आशियाई स्त्रियांत अंतर कमी आहे. म्हणूनच गोळ्यांच्या बाबतीत साधारण पाच वर्षांनी आणि वार्षिक इंजेक्शनच्या बाबतीत तीन वर्षांनी फेरविचार करण्याचा प्रघात आपल्याकडे काटेकोरपणे पाळला पाहिजे. मांडीत वा जांघेत नवे दुखणे सुरू झाले तर लगेच दाखवावे.

मुतखड्याच्या भीतीने कॅल्शियम टाळणारे रुग्णही पुष्कळ भेटतात. आहारातील कॅल्शियमने खड्याचा धोका वाढत नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठातून सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तीळ, दूध-दही आणि काट्यासकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी हेही चांगले स्रोत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला 1000 आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी 1200 मिलिग्रॅम ही शिफारस केली. गोळी घ्यायचीच असेल तर जेवणाबरोबर घ्यावी, आणि ॲलेन्ड्रोनेटबरोबर कदापि नाही.

सातत्याची व्यवस्था

रक्तदाबाचे औषध सुटले तर आकडा वाढलेला दिसतो. मधुमेहात साखर दिसते. हाडांच्या बाबतीत रुग्णाला काहीच दिसत नाही. औषधाने बरे वाटत नाही आणि सोडल्याने वाईट वाटत नाही. अशा औषधाचे सातत्य उपदेशाने टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार दीर्घकालीन औषधांचे सातत्य विकसित देशांतही सरासरी 50 टक्केच आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात परिचारिकेने ठरावीक काळाने भेटून नुसती विचारपूस केली तरी सातत्यात 57 टक्के वाढ झाली. हाडांच्या झिजेच्या रक्ततपासणीचे निकाल दाखवल्याने त्यात आणखी भर पडली नाही. विचारणारे माणूस असणे हेच औषधाइतके कामाचे ठरले.

ग्लासगो येथे 1999 मध्ये याच विचाराला संस्थेचे रूप मिळाले. अस्थिभंग होऊन येणारा पन्नाशीपुढील प्रत्येक रुग्ण एका परिचारिकेच्या वहीत नोंदला जाई, त्याची तपासणी आणि औषध यांचा पाठपुरावा तीच करी. आंतरराष्ट्रीय अस्थिसुषिरता प्रतिष्ठानाने 2012 पासून या पद्धतीचा जगभर पुरस्कार केला आहे. तिला मोठे यंत्र लागत नाही. एक वही, एक दूरध्वनी आणि एक जबाबदार व्यक्ती लागते. क्षयरोगाच्या उपचारात औषध घेताना पाहणारी व्यक्ती नेमण्याचा अनुभव आपल्या आरोग्ययंत्रणेला आहे, आशा कार्यकर्त्यांचे जाळे आहे. अस्थिभंगाचा रुग्ण त्यांच्या नोंदवहीत अजून आलेला नाही, इतकेच.

सुरुवातीची वेळ प्लास्टर काढण्याच्या दिवशी साधावी. त्या दिवशी रुग्ण हमखास येतो, वेदनेची आठवण ताजी असते आणि सोबत घरचे माणूस असते. ‘खाला, हाड जुळलं, आता दुसरं मोडू नये म्हणून काय करायचं ते बोलू,’ एवढ्या वाक्याने सुरुवात होऊ शकते. पुढची विचारपूस पहिल्या महिन्यात एकदा, तिसऱ्या महिन्यात एकदा आणि नंतर दर सहा महिन्यांनी, शक्यतो दूरध्वनीवरून व्हावी, म्हणजे मजुरी बुडत नाही.

येथे महाविद्यालयाचा संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे आणि मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे विद्यार्थी शहरातील सर्व भाषा बोलतात. पुष्कळांच्या घरातच यंत्रमाग आहे. औषध सुचवणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु रुग्णालयाच्या परवानगीने आणि रुग्णाच्या संमतीने वही ठेवणे, ठरल्या तारखेला फोन करणे, चार भाषांतील पत्रक तयार करणे हे त्यांना जमण्यासारखे आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी औषध सुटण्याची कारणे वस्तीनुसार नोंदवली तर तो स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल. रुग्णाजवळ ठेवण्याच्या कार्डावर औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख, पुढच्या मात्रेची तारीख आणि ‘गावी जाण्यापूर्वी कळवा’ ही सूचना ठळक अक्षरांत असावी. डेनोसुमॅब घेणाऱ्याच्या कार्डाचा रंग वेगळा ठेवावा.